ऑप्शनला टाकलेले पहिले प्रकरण

मी, वंदना वामनराव घोडमारे, वय बहात्तर, राज्यशास्त्राची सेवानिवृत्त अध्यापिका, राहणार फ्लॅट क्रमांक ३०४, अमलतास सहकारी गृहनिर्माण संस्था, मनीषनगर, नागपूर, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय मात्र वीस टक्केच चालते, हेही त्याच डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि मी उन्हाळा काढीन का, या माझ्या प्रश्नावर ते खिडकीबाहेर बघू लागले. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही. धाक आहे तो हे लिहू नये म्हणून. त्याबद्दल पुढे सांगते.

माझे वकील स्वानंद यांनी बजावले होते, की मृत्युपत्र थोडक्यात आटोपा, कारणे देत बसू नका, कारणांवरच उद्या लोक भांडतात. त्यांचे कायद्याने बरोबर असेल. पण कारण न विचारता कागद करायचा आणि कारण न विचारता त्यावर सही करायची, याच सवयीने मी आयुष्य नासवले, स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही. म्हणून कारणे देणार. ज्याला कंटाळा येईल त्याने फक्त कलम पाच वाचावे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील स्वानंद करतील. त्यांनी घाई करावी. येत्या तीस मार्चला अमलतासची सर्वसाधारण सभा आहे आणि तिच्यात जे व्हायचे आहे ते झाल्यावर या कागदाची किंमत अर्धी होईल. मी त्याआधी गेले तर माझ्या तेराव्याची वाट बघू नये.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि माझ्या पेन्शनची जी काही शिल्लक असेल ती माझा मुलगा पियुष याला. माझी सोन्याची पोत आणि पाटल्या त्याच्या मुलीला. पियुषचे पुण्यात स्वतःचे घर आहे, त्याला या फ्लॅटची गरज नाही, हे तो स्वतःच दर दिवाळीला सांगायचा. मी फ्लॅट दुसऱ्या कोणाला देते आहे म्हटल्यावर मात्र ती गरज एकदम निर्माण झाली. फोनवर म्हणाला, "आई, तू हे काहून करून राहिली? सोसायटी चांगली चालून राहिली ना? लिफ्ट चालू, पाणी चालू, मंग तुले त्रास काय आहे?" बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला पगार मिळत होता तेहेतीस वर्षे. मी ते वर्गात कधी दिले नाही आणि घरीही दिले नाही. तू रागावशील. रागाव, पण हा कागद शेवटपर्यंत वाच.

कलम ३. मौजा सावरगाव येथील वडिलांच्या शेतात माझा आता काही हिस्सा नाही, तेव्हा तो वाटण्याचा प्रश्न येत नाही. तो १९९४ सालच्या भाऊबीजेला गेला. मी माझा भाऊ देवराव याला ओवाळले, त्याने ताटात साडी ठेवली आणि साडीवर हक्कसोडीचा कागद ठेवला. म्हणाला, "ताई, येथे एक सही कर वं, तलाठी घाई करून राहिला." आमच्याकडे बहिणी अशीच सही करतात आणि वाचायला मागणाऱ्या बहिणीला माहेर बंद होते. मी त्या आठवड्यात वर्गात समानतेचा हक्क शिकवत होते. निरांजन अजून तेवत होते आणि मी न वाचता सही केली. देवरावला मी माफ केलेले नाही, हे इथे नोंदवते. स्वतःलाही नाही. ती साडी कपाटात घडी न मोडता पडली आहे, ती त्याला परत करावी.

कलम ४. माझी पुस्तके जवळच्या कोणत्याही अभ्यासिकेला द्यावीत, जी घेईल तिला. परंतु माझ्या हस्तलिखित नोट्सच्या सात वह्या कोणालाही देऊ नयेत. त्या रद्दीत घालाव्यात.

त्या वह्यांनी माझे नाव केले होते. घोडमारे मॅडमच्या नोट्स म्हणजे पास होण्याची हमी. झेरॉक्सवाले त्यावर जगले. त्या नोट्स दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होतात. पहिले प्रकरण त्यांत नाही, कारण ते मी दरवर्षी ऑप्शनला टाकायला सांगत असे. ते फक्त सहा गुणांना यायचे, लांबलचक होते, आणि दुसरा कोणताही प्रश्न लिहून ते सहा गुण भरून काढता यायचे. जूनमध्ये मी वर्गात शिरले की पहिलेच वाक्य असायचे, पान अठरा उघडा.

पान एक ते सतरावर काय होते? राज्य कशासाठी असते. आपण त्याची आज्ञा का पाळतो. कुठपर्यंत पाळायची. आणि तो कुठपर्यंतचा टप्पा ओलांडला गेला तर आपण काय करायचे. एवढे चारच प्रश्न होते. दुसऱ्या प्रकरणापासून पुढे हक्कांचे प्रकार, स्वातंत्र्याची पाच वैशिष्ट्ये, सत्ताविभाजनाचे फायदे आणि तोटे. माझी मुले ती पाच वैशिष्ट्ये झोपेतही म्हणतील. सव्वीस नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका खड्या आवाजात म्हणायची, मी पुढे उभी राहून म्हणवून घ्यायची. त्यातला पहिला शब्द "आम्ही" आहे. हे आम्ही म्हणजे कोण आणि त्यांनी काय दिले, काय स्वतःकडे राखून ठेवले, हे तेहेतीस बॅचेसपैकी एकीलाही मी विचारले नाही. घराच्या खोल्या दाखवल्या, पाया दाखवला नाही, आणि पाया माहीत नसलेला माणूस कोणी भिंत पाडायला आला तर त्याला घणही आणून देतो. हे मी ऐकून सांगत नाही. मी स्वतः आणून दिला.

कलम ५. फ्लॅट क्रमांक ३०४, त्यातील सर्व सामानासह, आणि संस्थेतील माझा भाग, सदस्यत्व व मत, हे मी कुमारी काजल रुपराव डाखोळे, वय एकोणतीस, व्यवसाय परिचारिका, हिला देते. ती माझी नात्याने कोणी नाही. का देते ते आता सांगते.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष सुशील हे माझे १९९८ सालचे विद्यार्थी. त्यांच्याविषयी मला वाईट लिहायचे नाही, कारण ते वाईट नाहीत, आणि सगळी अडचण तिथेच आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या शेहेचाळीस घरांना त्यांनी जगवले. कळमन्याच्या घाऊक बाजारातून भाजीची गाडी आणली, औषधे दारात पोचवली. माझे पती वामनराव यांच्यासाठी भर दुपारी कुठून तरी ऑक्सिजनचे सिलिंडर मिळवून ते तीन मजले खांद्यावर घेऊन चढले. वामनराव वाचले नाहीत. तेव्हा पियुषला येता आले नाही, घाटावर सुशीलच गेला. हे मी विसरले तर मला नरकातही जागा मिळू नये.

त्याच वर्षी जुलैत लोक म्हणू लागले, की प्रत्येक गोष्टीला सभा कशाला, सुशीलभाऊ करतात ते बरोबरच करतात. ठराव कोणी लिहायचा? अर्थात मॅडमनी, मॅडमची भाषा चांगली. मी लिहिला. सात कलमी, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. सर्वसाधारण सभेचे सर्व अधिकार पुढील निर्णय होईपर्यंत अध्यक्षांना देण्यात येत आहेत. नियम तेच करतील, नियम मोडला की नाही ते तेच ठरवतील आणि शिक्षाही तेच देतील. चौथ्या कलमात रहिवाशांचा प्रवेश त्यांच्या मर्जीवर, सातव्यात सदस्यत्व कोणाला द्यायचे तेही त्यांच्या मर्जीवर. सत्ताविभाजनाचे फायदे शिकवणाऱ्या बाईने हे लिहिले. मला लिहिताना एकदाही वाटले नाही, की मी सुशीलला नव्हे, त्या खुर्चीला हे सगळे देते आहे. माणूस चांगला आहे ना, एवढाच प्रश्न मी विचारला. घराघरांतून फिरत फिरत कागद शेहेचाळीस सह्या घेऊन आला. कोणी वाचला नव्हता. वर लिहिले, सर्वानुमते मंजूर.

पहिली दोन वर्षे झकास गेली, हे प्रामाणिकपणे सांगते. कुंड्या रंगल्या, गेटवर कॅमेरे लागले. मग सूचना फलकावर कागद लावायला परवानगी लागू लागली. मग कामवाल्या बायांना लिफ्ट बंद झाली. कोणी काही बोलले की पार्किंगची जागा बदलायची. लोक बोलायचे बंद झाले आणि सुशीलला वाटले लोक खूश आहेत. खरे सांगते, त्याला तसेच वाटते.

काजल वामनरावांच्या नंतर माझ्याकडे राहायला आली. उमरेडकडच्या गावची, रुग्णालयात नोकरी, महिन्यातून दहा दिवस रात्रपाळी. माझ्या गोळ्या तीच द्यायची. दुसऱ्या मजल्यावर सुशीलची आई शोभाताई, त्यांना रोज सकाळी इन्सुलिन तीच टोचायची, कोणी सांगितले म्हणून नव्हे, त्यांचा हात थरथरतो म्हणून. गेल्या ऑक्टोबरात फलकावर नोटीस लागली. एकट्या राहणाऱ्या मुलींनी रात्री नऊनंतर बाहेर राहू नये. काजलने ती वाचली, पर्समधला पेन काढला आणि खाली लिहिले, "हे कोणी ठरवलं?" एवढेच. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत पहिल्या प्रकरणाचा प्रश्न विचारणारी ती एकटी, आणि ती माझी विद्यार्थिनी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला ती रात्रपाळी करून आली आणि गेटवर तिला अडवले. सामान आधीच वॉचमनच्या खोलीत आणून ठेवलेले. माझ्या घरातून माझ्या देखत दोन माणसे ते घेऊन गेली होती, मी अडवायला निघाले तर ती माणसे म्हणाली, अध्यक्षांचा आदेश आहे. मी ठरावाची फाइल घेऊन खाली उतरले. तिथे उभ्या उभ्या चाळली, की कोणत्या कलमाने हे थांबवता येईल. चौथ्या कलमावर माझी नजर थांबली आणि माझेच अक्षर मला दिसले. काजल हातात डबा घेऊन बघत होती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या कागदात काही नाही का माह्यासाठी?" नव्हते. मी म्हणाले, बेटा, आत्ता जा, मी बघते. मी तिला जा म्हणाले. हे वाक्य मी चार महिने रोज ऐकते आहे.

मी सुशीलकडे गेले. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी जीव द्यायले तयार आहे मी. पण रूल म्हणजे रूल." मी विचारले, रूल कोणी केला, तिचे म्हणणे कोणी ऐकले, तुला हा अधिकार कुठपर्यंत आहे? तो हसला. मनात काही नव्हते त्याच्या, अगदी जुन्या मायेने हसला. म्हणाला, "आता शिकवून राहिल्या का मॅडम? हा चॅप्टर तं तुम्हीच ऑप्शनला टाकायले सांगितला होता. सहाच मार्कांचा आहे म्हणे."

मी चहा न पिता घरी आले. त्याच आठवड्यात पहिला झटका आला.

इस्पितळातून सुटल्यावर वकिलांना तो ठराव दाखवला. त्यांनी एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, हा ठराव पहिल्या दिवसापासून रद्दबातल आहे. सभेला असे सगळे अधिकार देऊनच टाकता येत नाहीत. उपविधी त्याच्या वर आहेत. कोणीही एकाने उपनिबंधकांकडे अर्ज केला असता तर कधीच निकाल लागला असता." मी विचारले, मग साडेचार वर्षे हे चालले कशावर? ते म्हणाले, तुम्ही सगळ्यांनी चालू दिले म्हणून.

मी त्यांच्या ऑफिसात रडले. सदर भागातल्या भर बाजारात, काचेच्या दाराआड, बहात्तराव्या वर्षी. पान सातवर हेच होते. सत्ता आपण उसनी देतो, ती परत मागण्याचा हक्क देऊ म्हटले तरी देऊन टाकता येत नाही, आणि जो हे विसरतो त्याच्यासाठी कोऱ्या कागदाचाही तुरुंग होतो. सहा गुण. ते पान माहीत असलेला एक माणूस शेहेचाळीस घरांत होता. तो माणूस मी होते, आणि ठराव मीच लिहिला होता.

मी लगेच अर्ज का केला नाही, असे विचाराल. केला. त्यावर आणखी दोन सदस्यांच्या सह्या आणा म्हणजे वजन येईल, असे उपनिबंधकांच्या कार्यालयात सांगण्यात आले. पहिल्या मजल्यावरचे ओमप्रकाशजी कळमन्यात फळांची अडत करतात, मोठ्या आवाजाचे गृहस्थ, ते दार अर्धे लावून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आपलं जमून राहिलं ना सगळं, काहून उगाच?" बाकीच्यांनी दारच उघडले नाही. आणि आता तीस मार्चच्या सभेत तोच ठराव कायमस्वरूपी करण्याचा विषय आहे. तो सर्वानुमते मंजूर होईल. इतिवृत्त आताच लिहून तयार आहे, मी पाहिले आहे. माझ्याकडे किती दिवस आहेत मला ठाऊक नाही. मला भीती वाटते. मरण्याची नाही, हे असेच ठेवून मरण्याची.

तोवर जगले तर सभेत मी स्वतः बोलेन, नसले तर माझ्या जागी काजल बोलेल. म्हणून फ्लॅट तिला. मी तिला बोलावून विचारले तेव्हा ती चिडली. म्हणाली, "घर नको मले. लोक म्हणतीन म्हातारीले पटवलं. मत देता येत असन तं मत द्या." वकिलांनी तिला समजावले, की घराशिवाय मत येत नाही. मग ती म्हणाली, "मंग द्या. पण मी ओरडणार तेथे." ओरड, बेटा. ठराव वाचून दाखवा म्हण. कोणी लिहिला विचारले तर माझे नाव सांग, लाजू नकोस. त्या ठरावाच्या सातव्या कलमाच्या आधारे अध्यक्ष तुझे सदस्यत्व अडवतील. ते कलमही रद्दबातल आहे आणि ते मी स्वतः लिहिले होते, याचा हा लेखी कबुलीजबाब तुझ्या हातात असू दे.

कलम ६. वामनरावांचे मनगटी घड्याळ सुशीलला. ते सिलिंडर घेऊन तो तीन मजले चढला त्याबद्दल. त्याच्या जोडीला माझे राज्यशास्त्राचे पाठ्यपुस्तकही त्यालाच. त्याची पहिली सतरा पाने अजून कोरी करकरीत आहेत. दोन्ही घ्यावे लागेल, एकच घेता येणार नाही. सुशील, तू मला नापास कर, पण ती पाने वाच. तू अजून पंचेचाळिशीत आहेस. तुझ्यानंतर त्या खुर्चीत कोण बसेल, हे तुलाही माहीत नाही.

कलम ७. माझ्या निधनाची सूचना फलकावर लावावी आणि त्यासाठी अध्यक्षांची परवानगी घेऊ नये. कोणी काढली तर दुसरी लावावी. पंचवीस प्रती वकिलांकडे ठेवल्या आहेत.

कलम ८. साक्षीदारांविषयी. दोन साक्षीदार लागतात. पहिले माझे डॉक्टर सौरव आहेत. "दुसरा माझ्या ऑफिसातला कारकून देतो," असे वकील म्हणाले. मी नाही म्हटले. दुसरा साक्षीदार अमलतासचा रहिवासीच पाहिजे. या इमारतीत माझ्या कागदावर एक सही करायलाही कोणी उरले नसेल, तर मी काजलला घर नव्हे, शिक्षा देते आहे. वकील म्हणाले, हट्ट आहे. आहेच.

ठिकाण : नागपूर. दिनांक : ८ फेब्रुवारी २०२६. (खोडले. कोणी आले नाही.)

दिनांक : १५ फेब्रुवारी २०२६. (खोडले. तिघांनी हो म्हटले होते. तिघांनाही महाशिवरात्रीचे निमित्त मिळाले.)

दिनांक : २२ फेब्रुवारी २०२६, रविवार, सकाळी अकरा.

हा मजकूर मी आत्ता, सही करण्याआधी, वाढवते आहे. वकील आणि डॉक्टर समोर बसले आहेत. दहापर्यंत कोणी आले नाही. मी वकिलांना म्हणाले, बोलवा तुमच्या कारकुनाला, संपले. तेवढ्यात दार वाजले. शोभाताई होत्या, अध्यक्षांच्या मातोश्री, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी. भिंत धरत एक मजला चढून आलेल्या. लिफ्टने का नाही आलात म्हटले, तर म्हणाल्या, "लिफ्टमंदी कॅमेरा हाय, पोरगं पायते."

मी त्यांना खुर्ची दिली, पेन पुढे केला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवले. वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी पेन बाजूला ठेवला. म्हणाल्या, "थांबा वं बाई. त्या टायमाले त्या ठरावावर माही सही माह्या पोरानंच ठोकली, मले इचारलं बी नाही. आता पयले वाचून दाखवा, सारं. मंग पायतो."

वकिलांनी सगळे वाचून दाखवले. पाऊण तास लागला. सुशीलचे कलम आले तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण थांबा म्हटले नाही. शेवटी त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "काजल परत येईन का?" दुसरा, "माहं मत, ते माहंच हाय का अजून?" शोभाताईंच्या नावावर त्यांच्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा आहे. वकील म्हणाले, तुमचेच आहे, ते कोणी घेऊ शकत नव्हते. शोभाताई म्हणाल्या, "मंग मी बी येतो तीस तारखेले."

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो माझा आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी आज सही केली आहे.

(सही) वंदना वामनराव घोडमारे

साक्षीदार १ : (सही) डॉ. सौरव लांजेवार, राहणार सदर, नागपूर.

साक्षीदार २ : (सही, थरथरत्या हाताने, स्वतःची) शोभा भैय्याजी झाडे, राहणार फ्लॅट क्रमांक २०२, अमलतास, मनीषनगर, नागपूर. संपूर्ण ऐकून, विचारून, मग सही केली.